बिनखिडकीची खोली

परभणीच्या दिगंबर कुलथ्यांच्या आईनं सत्तरी ओलांडली, तरी कधी समुद्र पाहिला नव्हता. म्हणून दिगंबर आणि त्याची बायको प्रमिला यांनी काटकसर करून आईला आणि मुलांना गोव्याच्या क्रूझवर न्यायचं ठरवलं. बुकिंगसाठी दोघं झुंबरशेठच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेली.

"आईला समुद्र दाखवायचाय, पण आमच्या बजेटात बिनखिडकीचीच खोली बसते," दिगंबर संकोचून म्हणाला.

शेजारी एक बडं गिऱ्हाईक बसलं होतं. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात झुंबरशेठ म्हणाले, "म्हातारीला समुद्र दाखवायला नेताय की कोंडून ठेवायला? खिडकी परवडत नसेल तर क्रूझचा नाद सोडा. घरी टीव्हीवर समुद्र बघा!"

दिगंबर शरमेनं उठायलाच लागला. प्रमिलानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"शेठ, वरच्या डेकवर आम्हाला जाऊ देतात ना?"

"डेक सगळ्यांनाच खुला असतो की."

"मग आमच्या आई दिवसभर तिथं बसून चारी बाजूंनी समुद्र बघतील. खोलीत यायचं ते फक्त झोपायला. आता तुम्हीच सांगा, डोळे मिटल्यावर तुमच्या महागड्या खिडकीतून काय दिसतं?"

दिगंबर बायकोकडे बघतच राहिला. ते बडं गिऱ्हाईक मात्र पोट धरून हसलं आणि म्हणालं, "शेठ, माझीही खोली बिनखिडकीचीच करा. रात्री घोरण्याशिवाय मला तरी दुसरं काय काम असतं?"