घाटात पुढं कोण?

पाटणचे अप्पासाहेब शिर्के मोठे वाहतूकदार. भाचीच्या लग्नाची भांडी चिपळूणला न्यायची म्हणून त्यांनी आपला जुना ट्रक काढायला सांगितला. चालक यासीनचाचांनी पुढची चाकं उघडून पाहिली, तर ब्रेकच्या डिस्क झिजून पार पातळ झालेल्या.

"मालक, ह्या बदलल्याशिवाय कुंभार्ली घाट उतरायला नको," ते म्हणाले.

अप्पासाहेब चारचौघांत उसळले. "इतकी वर्षं हाच ट्रक घाट उतरतोय! ब्रेक उत्तम आहेत. भीती वाटत असेल तर चावी ठेवा, मी दुसरा चालक बघतो."

चाचांनी विचार केला. चावी ठेवली, तर दुसऱ्या कुणाचा तरी जीव त्या उतारावर टांगणीला लागणार होता. ते शांतपणे म्हणाले, "नेतो की, मालक. तुम्हीही घरच्यांना घेऊन तिकडंच निघालाय. फक्त उतारावर तुमची गाडी माझ्या ट्रकच्या पुढं ठेवा."

अप्पासाहेबांनी गाडीत बसलेल्या बायकोकडं, नातवंडांकडं पाहिलं. मग ओशाळं हसत ते म्हणाले, "चाचा, ट्रक जॅकवर घ्या. लग्नाला उशीर झाला तरी चालेल. आणि डिस्क आधीपेक्षा दमदार बसवा."

संध्याकाळी घाट उतरताना गाडी पुढं होती आणि ट्रक मागं.