लिहा आणि लीहा

"पण मग ती गेली कशाला?" खासनीस सरांनी विचारलं.

निरंजननं लॅपटॉपवरची नजर काढली नाही. इतक्या वर्षांनी तो मिरजेला आला होता तो सरांना आपली भाषा दाखवायला. कौसरचा विषय त्याला नको होता.

भाषा त्यानं आणि कौसरनं मिळून केलेली. साध्या मराठी शब्दांची, शाळेतल्या मुलांना प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून. मुलांनी लिहिलेलं तपासून बारक्या आज्ञांमध्ये उतरवणारा कंपायलर निरंजनचा. त्या आज्ञा एकेक करून पाळणारं व्हर्च्युअल मशीन कौसरचं.

"एका मुलीनं 'लिहा'च्या जागी 'लीहा' लिहिलं," तो म्हणाला. "कंपायलरनं नाकारलं. तिनं पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा नाकारलं. नंतर ती आलीच नाही."

"मग?"

कौसरचं म्हणणं होतं, कंपायलरनं त्या पोरीला निदान विचारावं, तुला 'लिहा' म्हणायचंय का? निरंजननं ते उडवून लावलं. अंदाज बांधते ती भाषाच नव्हे, असं तो तिला चारचौघांत बोलला. कौसरनं मुकाट्यानं सामान आवरलं. पुढे तिचा फोन आला नाही, यानंही केला नाही. तिचं मशीन मात्र याच्या आज्ञा अजून निमूट पाळत होतं.

त्या मुलीचं नावही आता त्याला आठवत नव्हतं. कौसरला नक्की आठवत असेल.

"अजूनही... तेच वाटतं?"

पक्षाघातानंतर सरांना शब्द चटकन सापडत नसत, कधी भलताच तोंडात येई.

"भाषेत नेमकेपणा हवाच, सर. तुम्हीच शिकवलंत. एका शब्दाचा एकच अर्थ..." त्याचा आवाज मध्येच खाली आला. "चुकलो का मी?"

 सर कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले, "निरंजन, जरा... छत्री दे."

निरंजन उठला. तांब्यातलं पाणी त्यानं भांड्यात ओतलं, सरांच्या हातात दिलं आणि खालून आधार देत उभा राहिला. सर सावकाश सगळं पाणी प्याले.

"आणखी देऊ?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. रिकामं भांडं त्याच्या हातात परत दिलं.

"मी... छत्री म्हणालो होतो."