मबरूक गुरुजींची पाटी

"...मग ती पाटी दाखवायला घाबरता कशाला?" लखदारने विचारलं.

शेख बेल्कासिम यांची जपमाळ बोटांतच थांबली.

अल्जीरियाच्या वाळवंटातल्या ह्याच मदरशात, ह्याच चटईवर बसून लखदारने शेखांचा कित्ता गिरवला होता. आता तो राजधानीत इतिहासाचा संशोधक झाला होता, आणि आवाजही पदवीबरोबर चढला होता.

"फ्रेंचांच्या दप्तरात हे पत्र सापडलं," तो म्हणाला. "माझ्या जन्माआधीच्या बंडातले अकरा जण कुठे लपलेत ते कळवणारं. सही नाही. पण अक्षर मबरूकांचं दिसतं."

मबरूक म्हणजे शेखांचे गुरू. त्यांच्या कबरीवर गाव अजून दिवा लावतं.

"आणि हे तू छापणार?"

"अक्षर जुळलं, तर परवाच. अकराही जणांना गोळ्या घातल्या, शेख. फितूर कोण ते लोकांना कळायला नको?"

"हवं... जरूर हवं."

त्या मदरशात धडा पाठ झाला की शाईने लिहिलेली लाकडी पाटी धुऊन टाकतात. मबरूकांच्या हातची शेवटची पाटी तेवढी शेखांना कधी धुववली नाही. कोनाड्यातून ती काढून त्यांनी लखदारपुढे ठेवली.

लखदारने पत्र शेजारी ठेवलं, भिंग धरलं. तीच कललेली उभी रेघ. ओळीच्या शेवटी तीच मागे वळवून वर घेतलेली शेपटी.

"जुळलं!"

त्याला आनंद लपवता आला नाही.



शेखांनी एक कोरी पाटी लखदारच्या मांडीवर ठेवली. बोरू शाईत बुडवून हातात दिला.

"पत्रातली पहिली ओळ लिही."

"ती कशाला?"

"लिही."

लहानपणची सवय. मान आपोआप खाली गेली आणि हात चालू लागला. 'अकरा जण जुन्या विहिरीमागच्या खजुरांत लपले आहेत.'

शेखांनी दोन्ही पाट्या आणि मधोमध ते पत्र, असं चटईवर मांडलं.

लखदारने भिंग उचललं. मबरूकांची पाटी पाहिली, पत्र पाहिलं, मग स्वतःची ओळ. पुन्हा पत्र... पुन्हा स्वतःची ओळ. ती रेघ. ती शेपटी.

त्याचे कान तापले. शाई अजून ओली होती.

"खरं सांग, बाळ," शेख हळूच म्हणाले, "हे पत्र गेलं, त्या दिवशी तू कुठे होतास?"