मोराबाईचा विस्तव

ही समोर चार भिंतींची जोती दिसतात ना, यावर छप्पर कधी घातलं जात नाही. या जागेला मोराबाईचं ठाण म्हणतात. आत देव नाही. चपला घालून आलात तरी चालेल, फक्त मधल्या तीन दगडांवर पाय देऊ नका.

मी येडग्यांची सून. माझ्या सासऱ्यांची आजी ठकूबाई, तिचा हा झाप, म्हणजे गवताने शाकारलेलं घर. तेव्हा सगळी धनगरवाडी या पठारावरच होती. म्हशी पाळायच्या, लोणी खाली बाजाराला न्यायचं, असं चाललेलं. मग इंग्रजांच्या अमलात जंगलाचा गोरा साहेब आला. पलीकडच्या माळावर त्याचा बंगला झाला. त्याच्या बायकोचं नाव मोराग. आमच्या लोकांनी तिची मोराबाई केली.

ठकूबाई बंगल्यावर दूध घालायची. असं सांगतात, की एका संध्याकाळी मोराबाई फिरत फिरत झापापाशी आली. ठकूबाई निखारे राखेखाली झाकत होती, सकाळी पुन्हा फुंकायला. ते बघून बाई उंबऱ्यातच बसली आणि रडायला लागली. तिची आईही रोज अशीच विस्तव झाकायची म्हणे.

तिचा मुलूख स्कॉटलंड. तोडक्यामोडक्या मराठीत तिने सांगितलं, की त्यांची वाडी डोंगराच्या खोऱ्यात होती. जमीनदाराला तिथे मेंढरं घालायची होती, म्हणून माणसं काढली. त्याच्या माणसांनी आईचीच दुधाची चरवी उचलली आणि चुलीवर ओतली. छपराची आढी पाडून पेटवली. आजीला घोंगडीत घालून बाहेर आणलं. मग सगळ्यांना कॅनडाच्या जहाजात चढवलं. मोराबाई तापाने फणफणली होती, म्हणून तिला धक्क्यावरूनच परत फिरवलं. मावशीने वाढवली. आई-भावांचं पुढे काय झालं, ते तिला कधीच कळलं नाही.

"मेंढरांसाठी माणसं हाकलली?" ठकूबाईला खरं वाटेना. "आमचे घाटावरचे सोयरे तर मेंढरांच्याच जिवावर जगतात, बाई."

पुढच्याच उन्हाळ्यात हुकूम आला. जंगल राखीव झालं, पावसाआधी पठार रिकामं करा. हुकूम बजावायचं काम मोराबाईच्या नवऱ्याकडे. तोही तिच्याच खोऱ्यातला. तिने त्याला विनवलं. तो म्हणाला, "हुकूम मी काढलेला नाही. मी नाही केलं, तर दुसरा येऊन करील."

"आमच्या दारात आला होता तोही हेच म्हणाला होता," मोराबाई म्हणाली. हे बोलणं तिनेच मागाहून ठकूबाईला सांगितलं.

शिपाई आले त्या सकाळी मोराबाई इथे, या तीन दगडांच्या चुलीपाशी येऊन बसली. उठेना. शिपायांनी बाकीच्या झापांतल्या चुली घागरी ओतून विझवल्या आणि छपरं पेटवली. म्हशी सैरावैरा पळाल्या. शेवटी साहेब स्वतः या दारात आला. मग त्याने शिपायांना सांगितलं, हे जाळू नका, नुसतं गवत ओढून काढा. तिच्या डोक्यावरचं छप्पर पेंढी पेंढी करून उतरवलं. ती उन्हात तशीच बसून राहिली, पुढ्यात जिवंत विस्तव.

ठकूबाई पोरं घेऊन निघाली तेव्हा मोराबाईने एका खापरात निखारे भरले, वर राख पसरली आणि तिच्या हातात दिलं.

"तूही चल बाई आमच्यासंगं," ठकूबाई म्हणाली.

"मागे राहायची मला सवय आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी तिला डोलीत घालून नेलं. तोवर अंगात ताप भरला होता. कुणी म्हणतं ती मुंबईलाच वारली, कुणी म्हणतं भावांना शोधायला कॅनडाला गेली. खरं कुणालाच ठाऊक नाही.

वाडी खाली उतारावर बसली, आता आहे तिथे. त्या खापरातल्या विस्तवावर सगळ्या चुली पेटल्या. पण पठार काही परत मिळालं नाही. ठकूबाईचा दीर मरेपर्यंत म्हणायचा, "बाईनं आग दिली, जागा नाही दिली." तेही खरंच होतं.

तेव्हापासून आमच्याकडे चुलीवर पाणी ओतत नाहीत. घराला कुलूप लावून कुणी गाव सोडलं, तर जाताना चुलीतला निखारा शेजारच्या चुलीत ठेवून जायचं. चूल विझली असं म्हणायचं नाही, शेजारी गेली म्हणायचं. आजही हे पाळतात. गॅस आलाय, तरी मुंबईला निघालेली पोरं निघताना दोन काटक्या पेटवतात आणि निखारा शेजारी आणून देतात.

आता वाडीत बहुतेक घरांना कुलपं आहेत. माझ्या चुलीत किती घरांचा विस्तव आहे, ते मोजायचं मी सोडून दिलंय. माझा लेक पुण्याला चल म्हणतो. जाईनही. पण शेजारी कोण उरलंय, ते बघते आहे.