करकोच्याने पाय बदलला

एका रानाच्या काठाला मोठा उघडा माळ होता आणि त्या माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या मधोमध अंडी घालते आणि डोळ्यांत तेल घालून त्यांची राखण करते. ही टिटवी स्वभावाने तापट होती. कुणाचा पाय अंड्यांच्या दिशेने वळला की टिवटिव करून ती रान डोक्यावर घेई. सगळे तिला भांडखोर म्हणत. म्हणोत बापडे! ज्याचे घर असे उघड्यावर असते, त्याने गोड बोलून कसे भागणार?

माळाच्या पलीकडे नदी होती आणि नदीकाठच्या झुडपांत रानडुकरांचा कळप राही. माळ रानाचा की डुकरांचा, हे दर उन्हाळ्यात क्रिकेटच्या एका सामन्यावर ठरे. रान जिंकले की वर्षभर तिथे हरणे चरत, ससे बागडत, टिटवी निवांत अंडी उबवी. डुकरे जिंकली की ती कंदांसाठी सगळी जमीन सुळ्यांनी उकरून काढत. पंच म्हणून नदीवरचा करकोचा येई, कारण तो ना रानाचा, ना डुकरांचा. त्याच्याजवळ घड्याळ कुठले असणार? गडी बाद झाला की तो एका पायावर उभा राही आणि तो पाय दुखायला लागला की दुसऱ्यावर. त्याने पाय बदलण्याआधी पुढचा फलंदाज खेळपट्टीवर यायलाच हवा, नाहीतर तो न खेळताच बाद. हा नियम रानातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ होता.

रानाची स्वतःची अशी आणखी एक रीत होती. आजवरचा सर्वांत थोर फलंदाज अगदी शेवटी खेळायला जाई, कारण विजयाचा फटका त्याच्या बॅटीतून निघावा, असा मान होता. आता सर्वांत थोर कोण? इथेच सगळे घोडे अडले होते. एक होता वानर, तरणाबांड आणि फटकेबाज. दुसरी होती घोरपड, वयाने थोरली, एकदा खेळपट्टीला चिकटली की हलायची नाही अशी. कोल्हा संघाचा कप्तान आणि वानराचा भक्त. कावळा घोरपडीचा. ह्या दोघांचा वाद सामन्याच्या दिवशीही सकाळपासून आंब्याखाली रंगला होता.

"वानरासारखा फलंदाज झाला नाही, होणार नाही!" कोल्हा म्हणाला. "चेंडू चिंचेच्या शेंड्यावरून नेतो तो."

"शेंड्यावरून नेतो आणि पुढच्याच चेंडूला झेल देतो," कावळा म्हणाला. "आमच्या घोरपडआजी खेळायच्या तेव्हा गोलंदाज रडकुंडीला यायचे."

"गोलंदाज कसले? सगळी कासवं होती तेव्हा!"

"आणि चेंडू? चेंडू कवठाचा होता, कवठाचा! कपाळाला लागला की हे एवढं टेंगूळ. आता वेली गुंडाळलेला मऊ चेंडू कुणीही फटकावेल."

वानर शेपूट झटकत म्हणाला, "मी काही बोलत नाही. माझी बॅट बोलते." घोरपड डोळे मिटून म्हणाली, "मला बाई मानाची हाव नाही. पण रीत ती रीत." दोघांनाही आपले कौतुक ऐकायला गोड लागत होते, हे वेगळे सांगायला नको.

इकडे भर उन्हात टिटवी एकटी किल्ला लढवत होती. ती सलामीला आली होती आणि अजून टिकून होती. तिच्यात चेंडू शेंड्यावर न्यायचा जोर नव्हता. इकडे एक, तिकडे एक अशा धावा काढत ती चालली होती, आणि प्रत्येक धावेनंतर मान वळवून सीमेबाहेरच्या खड्यांकडे बघत होती. तिथे तिची चार अंडी होती आणि अंड्यांवर तिचा टिटवा बसला होता. पिल्ले आज-उद्या बाहेर येणार होती. माळ हातचा गेला तर अंडी उचलून न्यायला तिला काही हात नव्हते.

सामना अगदी रंगात आला. जिंकायला तीन धावा उरल्या असताना ससा त्रिफळाचित झाला. तो मान खाली घालून परतला आणि करकोच्याने एक पाय वर घेतला. खेळायचे राहिलेले आता दोघेच होते, वानर आणि घोरपड.

"या लवकर कुणीतरी!" टिटवी ओरडली. "तीनच धावा राहिल्यात!"

आंब्याखाली कोल्हा म्हणाला, "घोरपडआजी, निघा तुम्ही."

कावळा फांदीवरून खालीच उतरला. "म्हणजे शेवटचा मान वानराला? आजी आधी गेल्या तर त्या दुय्यम ठरतील. वानराला पाठवा!"

"वानराला आधी पाठवलं तर उद्या रानात काय तोंड दाखवू मी?"

"मग आजींनी काय तोंड दाखवायचं?"

टिटवीला खेळपट्टीवरून हे सारे दिसत होते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतः जाऊन एकेकाला चोचीने ओढत आणावे असे तिला वाटले, पण जागा सोडली असती तर डुकरांनी तिलाच धावबाद केले असते. "अरे, कुणीही या!" ती किंचाळली. "थोर या, दुय्यम या, पण या! माझी पिल्लं आहेत तिथे!"

"ही नेहमीच अशी टिवटिव करते," कावळा म्हणाला आणि पुन्हा कोल्ह्याकडे वळला.

करकोच्याचा पाय थरथरू लागला. आणि त्याने पाय बदलला. "येणारा फलंदाज बाद!"

मुलांनो, इतके झाल्यावर तरी अक्कल यावी की नाही? अजून एक फलंदाज शिल्लक होता. तीन धावांचे तर काम होते. पण आंब्याखाली आता नवेच भांडण पेटले.

"येणारा म्हणजे कोण?" कोल्ह्याने विचारले आणि उत्तरही त्यानेच देऊन टाकले. "आजी! मी त्यांनाच निघा म्हणालो होतो. त्या बाद. आता वानर जाणार, शेवटी, मानाने."

"आजींनी पाऊल तरी उचललं होतं का?" कावळा कडाडला. "बाद झाला तुझा वानर! शेवटी आजी जाणार."

आता शेवटचा मान समोरच दिसत होता, त्यामुळे मघाशी जागचे न हलणारे दोघेही एकदम उठले. बॅट मात्र एकच होती, कारण दुसरी टिटवीजवळ होती. वानराने बॅटीची मूठ पकडली आणि घोरपडीने पाते. घोरपडीची पकड ती! वानराने बॅट हिसडली, ओढली, घोरपडीसकट गरागरा फिरवली, तरी तिने काही पाते सोडले नाही. ज्या चिकाटीवर साऱ्या रानाने वर्षानुवर्षे टाळ्या वाजवल्या होत्या, ती चिकाटी तिने त्या दिवशी अशी खर्ची घातली. आणि ज्या मनगटातून चेंडू चिंचेवरून जात असे, त्या मनगटाने वानर एका म्हातारीशी झोंबत होता. कोल्हा आणि कावळा दोन्हीकडून "सोडू नका!" म्हणून ओरडत होते.

टिटवीने हाक मारणे थांबवले. ती नुसती करकोच्याच्या पायाकडे बघत राहिली. त्याने जमेल तेवढा वेळ तो पाय टेकून धरला असावा, कारण त्याचाही चेहरा कसनुसा झाला होता. शेवटी त्याने पाय बदलला. सामना संपला होता आणि टिटवी नाबाद होती.

ती धावतच डुकरांच्या म्होरक्याकडे गेली. "दादा, माळ तुमचा. पण तो खड्यांचा कोपरा दोन दिवस सोडा. पिल्लं बाहेर येऊ देत, मग आमचं आम्ही बघू."

"टिटवीताई, मी किती जणांना आवरू?" म्होरक्या म्हणाला. "वर्षभर उपाशी आहे कळप. आणि तुमच्याकडून खेळायला कुणी आलंच नाही, ह्यात आमची काय चूक?"

तो खरेच बोलत होता. कळप माळावर घुसला. टिटवी आणि टिटवा त्यांच्या डोक्यांवर झेपा घेत राहिले, घसा बसेपर्यंत ओरडत राहिले. दिवस मावळेपर्यंत सगळा माळ उकरून झाला. खड्यांचा कोपराही त्यातून सुटला नाही. अंडी फुटली.

दुसऱ्या दिवशी टिटवी रानात आली ती डोळे लाल करूनच. आंब्याखाली तीच मंडळी, तसाच वाद. "काल वानर गेला असता तर पहिल्याच चेंडूला निकाल लागला असता," कोल्हा सांगत होता. "आजी गेल्या असत्या तर डुकरांनी हात टेकले असते," कावळा सांगत होता. वानर आणि घोरपड दोन बाजूंना फुगून बसली होती. टिटवीला पाहताच कोल्ह्याने सुस्कारा सोडला. "फार वाईट झालं हो टिटवीताई. पण बरं झालं आलात. तुम्ही स्वतः मैदानात होता, तुमच्याइतकं क्रिकेट कुणाला कळणार? आता तुम्हीच सांगा, आजवरचा सर्वांत थोर फलंदाज कोण?"

टिटवीने एकेकाच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"काल जो आला असता तो," ती म्हणाली. "नुसता चालत आला असता आणि माझ्यासमोर उभा राहिला असता, तरी मी त्याला जन्मभर थोर म्हटलं असतं. तुमच्यात तसा कुणी निघाला नाही. आता घाला वाद. ज्यासाठी तुम्हाला हाका माराव्यात, असं माळावर माझं काही उरलेलं नाही."

एवढे बोलून ती उडाली आणि नदीपार निघून गेली.

मग कावळ्याने हळूच कोल्ह्याला विचारले, "म्हणजे तिचं मत नक्की कुणाला समजायचं?"

तात्पर्य : थोर कोण ह्याचा वाद घालत बसणाऱ्यांच्या हातून समोरचे काम निसटते, आणि त्याचे नुकसान वाद घालणाऱ्यांना नव्हे, तर त्यांच्या भरवशावर उभ्या असलेल्याला सोसावे लागते.