ताटावरचा हात

“आणि तेल?” तुळसाअक्कांनी विचारलं.

“निम्म्यावर आणलं.”

“तूरडाळ?”

“बंद केली. मसूर आणते. हळद जरा जास्त घातली की वरण तसंच दिसतं.”

“तांदूळ?”

“कणी. पण भरते चांगल्या तांदळाच्याच डब्यात. डबा तोच असला की कुणी विचारत नाही.”

अक्का सुपात डाळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“भाजी?”

“बाजार उठता उठता जाते. उरलेला ढीग परत न्यायचा कंटाळा आलेला असतो, तेव्हा देऊन टाकतात.”

“हुशार आहेस.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, बरंच बरं वाटलं.

नदीपलीकडच्या या मठाचं कोठार चाळीस वर्षं अक्कांच्या ताब्यात आहे. मठात समाधी आहे, स्वामीही आहेत. पण लोक आपली अडचण घेऊन येतात ते कोठाराच्या ओट्यावर, अक्कांकडे. रोज दुपारी पंचवीस-तीस माणसं इथं जेवतात आणि मठाची जमीन म्हणाल तर चार गुंठे. एवढ्यात अक्का कसं भागवतात, ते शिकायला मी आले होते.

शिकायला, आणि थोडी शाबासकी घ्यायलाही.

माझ्या नवऱ्याची, प्रसन्नची, कंपनी बंद पडली त्याला आठ महिने झाले. तो मिळेल ते काम करतो आणि मी मिळेल त्यात घर चालवते. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. मसुराला तुरीचा रंग आणण्यापुरता त्याचा उपयोग झाला.

“घरात कुणाला कळलं?” अक्कांनी विचारलं.

“कुणालाही नाही.”

“नवऱ्याला?”

“त्याला वाटतं महागाई कमी झाली.”

अक्का हसल्या. मीही हसले.

“आणि लेकीला?”

माझी लेक ऋजू, वय वर्षं सहा, समोर गोठ्यापाशी वासराला गवत भरवत होती. एकेक काडी देत होती. वासराची काडी संपली की मगच दुसरी.

“तिला काय कळणार, अक्का? तिचं तर मी काहीच कमी केलं नाही. दूध तेच. तूप तिच्यापुरतं आणते. तिच्या पानात पहिलं वाढते.”

“मग?”

“मग काय?”

“मग अशी का दिसते?”

मी गोठ्याकडे पाहिलं.

हे मला शेवटी विचारायचं होतं. आधी काटकसरीचं बोलायचं, मग जाता जाता, सहज आठवल्यासारखं, हे काढायचं असं मी बसमध्ये ठरवलं होतं.

“जेवत नाही,” मी म्हटलं. “चार महिने झाले. शाळेत वजन केलं, तर गेल्या वेळेपेक्षा दीड किलो कमी. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, जंतांचं औषध झालं. काही सापडत नाही. ताटात अर्धं टाकते आणि म्हणते भूक नाही. रागावून पाहिलं, गोष्टी सांगून पाहिलं. एकदा… एकदा हातही उचलला.”

अक्कांचं सूप थांबलं.

“टाकलेलं काय करतेस?”

“मीच खाते. वाया कसं घालवायचं?”

“आणि तुझं पान?”

“मी मागून बसते. मला तशीही हल्ली भूक लागत नाही.”

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मला ते बघणं आवडलं नाही. मी घाईघाईनं पुढं म्हटलं, “समाधीचा अंगारा मिळाला तर लावीन म्हणते तिला. माझा तसा विश्वास नाही. पण लावून पाहीन.”

“विश्वास नसलेल्यांना अंगारा जास्त लागतो,” अक्का म्हणाल्या. “पुडी बांधून देते. काटकसर म्हणून छोटी देऊ का?”

ही थट्टा मी गिळली. म्हटलं, “अक्का, तुम्ही एवढी वर्षं कसं भागवलंत, ते तरी सांगा.”

“भागलं नाही.”

“म्हणजे?”

“भरपूर आहे असं एकदाही झालं नाही. चाळीस वर्षं झाली. कधी डाळ कमी, कधी पीठ. कधी दोन्ही.”

“मग काय करता?”

जेवणाची घंटा झाली. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“चल. लेकीला हाक मार.”

“नको, अक्का. आम्ही खाऊन निघालो.”

मी खाऊन निघाले नव्हते. अक्का चालू लागल्या, आणि पाठ फिरवून चाललेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते मला कधी जमलेलं नाही.

ओसरीवर पंगत बसली होती. वीटभट्टीवरचे आठ-दहा जण, दोन म्हाताऱ्या, एक पोस्टमन, बाकी वाटसरू. ऋजू माझ्या डाव्या हाताला बसली, मांडी घालून, पाठ ताठ.

अक्का पंगतीच्या टोकाला उभ्या राहिल्या. हातात भाताचं पातेलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“आज वरण पातळ आहे. भात बेताचा आहे. मी दोनदा येईन. तिसऱ्यांदा येणार नाही.”

माझी मान खाली गेली. आपल्याकडे कमी आहे, हे परक्या माणसांसमोर इतकं मोठ्यानं?

“अक्का, पातळ म्हंजी किती?” भट्टीवरचा एक जण ओरडला. “त्वांड दिसतंय का त्यात?”

“तुझं दिसलं तर लोक जेवायचे नाहीत. खाली बघ.”

पंगत हसली. पोस्टमननं पुढची मिठाची वाटी शेजारच्या म्हातारीकडे सरकवली. म्हातारीनं आपल्यातली अर्धी मिरची त्याला दिली. लोक जेवू लागले.

ऋजू जेवत होती.

मी बघतच राहिले. घरी एक घास पाच मिनिटं तोंडात धरणारी माझी मुलगी बोटं चाटत होती. ताट बघता बघता रिकामं झालं. अक्कांनी हात लावलेल्या अन्नातच काही असावं, असंही माझ्या मनात आलं. एम.एस्सी. वगैरे सगळं गेलं.

अक्का दुसऱ्यांदा आल्या. ऋजूसमोर वाकल्या.

ऋजूनं ताटावर हात आडवा धरला.

“पुरे मला,” ती म्हणाली. “तुम्ही घ्या. मला ना, हल्ली भूकच लागत नाही.”

शेजारची म्हातारी खुदकन हसली. “अगंबाई! हल्ली म्हणे! केवढी मोठी बाई ही!”

मला हसू आलं नाही. तो आवाज माझा होता. हात तसा आडवा धरणं माझं होतं. बोटं जरा वर उचललेली, म्हणजे वाढणाऱ्याला राग येऊ नये. तेसुद्धा माझं.

अक्कांनी तिचा हात बाजूला केला नाही. त्या पातेलं घेऊन तिच्यासमोर खाली बसल्या. सगळी पंगत थांबली.

“कुणासाठी ठेवतेस गं?”

ऋजूनं हात तसाच आडवा धरून ठेवला.

“मी कुणाला नाही सांगणार.”

“सगळे ऐकतायत,” ऋजू म्हणाली.

“ऐकू दे. ही माणसं विसरभोळी आहेत.”

ऋजूनं माझ्याकडे पाहिलं. मग अक्कांच्या कानाशी गेली. पण सहा वर्षांच्या मुलांना कुजबुजता येत नाही.

“आमच्या तांदळाची वाटी खाली लागते. डब्याला. कर्र असा आवाज येतो. आई म्हणते भरपूर आहे. पण आवाज येतो.”

“बरं.”

“आणि आई जेवतच नाही.”

“अजिबात नाही?”

“मी टाकलं की जेवते. माझ्या ताटातलं.” ती जरा थांबली. “म्हणून मी टाकते.”

…

भट्टीवरचा तो मघाचा माणूस आपल्या ताटाकडे बघत होता.

मला आठवत होतं ते एवढंच, की मी तिच्यावर हात उचलला होता. त्या रात्रीही तिनं अर्धं टाकलं होतं. गाल पुसत माझ्या शेजारी बसून राहिली होती, मी तिचं ताट पूर्ण संपवेपर्यंत. मला वाटलं होतं, पोर घाबरली असेल.

ती बघत होती, मी खाते की नाही.

अक्का उठल्या. माझ्यासमोर आल्या. डाव भरला.

मी खरंच सांगते, मी ठरवून काही केलं नाही. माझा हात आपोआप ताटावर गेला. आडवा. बोटं जरा वर.

“मला नको, अक्का, तिला…”

अक्कांनी भात वाढला. माझ्या हातावर.

सोसेल इतका गरम होता. मग त्यावर वरणाचा डाव. पातळच होतं ते. बोटांच्या फटींतून वाहत ताटात गेलं.

“अक्का! हात आहे माझा!”

“मला ताट दिसलं नाही,” अक्का म्हणाल्या.

ऋजू हसली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, मोठ्यानं. चार महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. हसता हसता तिच्या ताटावरचा हात निघाला, आणि अक्कांनी डाव तिच्या ताटात उपडा केला.

मी हातावरचाच भात खायला लागले. काय करणार? खाली सांडू द्यायचा नव्हता. रडत खाताना घास गिळता येत नाही. पाणी पीत पीत तो खाली न्यावा लागतो.

ऋजू माझ्याकडे बघत होती. मी एक घास घेतला की ती एक घेई. मी थांबले की तिचा हात ताटात थांबे. मी पुन्हा घास घेतला. तिनं घेतला.

“ऋजू,” मी हळूच म्हटलं, “घरी तांदूळ थोडेच आहेत. तू ऐकलंस ते खरं आहे.”

“मला माहितीय,” ती म्हणाली. जरा वेळानं विचारलं, “बाबांना माहितीय?”

“नाही.”

“मग त्यांना कोण सांगणार?”

“मी सांगेन.”

ती यावर विचार करत जेवू लागली. घास लहान, चावणं सावकाश.

पंगतीतल्या बाकीच्यांचं कधीच झालं होतं. या मठात शेवटच्या माणसाचं संपेपर्यंत कुणी उठत नाही. सगळे उष्टे हात ताटावर धरून बसले होते. भट्टीवाल्यांना कामावर परत जायचं होतं. पोस्टमननं दोनदा घड्याळ पाहिलं. आपल्यामुळं एवढी माणसं खोळंबलीत!

“आटप गं पटकन,” मी ऋजूच्या कानाशी म्हटलं. “होत नसेल तर दे इकडे. मी संपवते.”

आणि माझा हात तिच्या ताटाकडे गेला.

अक्कांनी मनगट धरलं. म्हाताऱ्या बाईच्या मानानं पकड घट्ट होती.

“अक्का, सगळे थांबलेत,” मी म्हटलं. “हात वाळले त्यांचे.”

अक्का खाली टेकल्या. ऋजू पुढचा घास कालवत होती. अक्का तिच्याकडे बघत राहिल्या, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

“बसू दे. वाळलेले हात धुता येतात.”