बूचकाका आणि सफरचंदाचा रस

फार वर्षांपूर्वी वसईच्या मार्सेलीनमावशीने सफरचंदाची वाइन घातली. बरणीत महिनोन्‌महिने आंबून, गाळ खाली बसून रस एकदाचा नितळ झाला, तेव्हा मावशीने तो बाटल्यांत भरून बुचं लावली.

कोपऱ्यातल्या बाटलीतल्या रसाला वाटलं, झालो आपण तयार! "बूचकाका, व्हा बाजूला," तो म्हणाला. "लोकांना माझी चव कळू दे."

"बरणीत तुझा गाळ बसला रे," बूचकाका म्हणाले, "पण तोरा कुठे उतरलाय? नाताळपर्यंत गप पड."

गप कसला पडतो! दारात पाहुणा दिसताच त्याने आतून अशी धडक मारली, की बूचकाका थेट आढ्याला. मावशीने हसत पाहुण्याला पेला भरून दिला. एका घोटातच पाहुण्याचं तोंड वाकडं झालं.

"छान आहे हो मावशी," तो म्हणाला, "पण लोणच्यात घाला."

उघड्या राहिलेल्या बाटलीतला रस दिवसेंदिवस आंबट होत गेला आणि शेवटी त्याचं व्हिनेगर झालं.

नाताळला शेजारच्या बाटल्या उघडल्या आणि पाहुणे पेल्यामागून पेले मागू लागले. तेवढ्यात चुलीवर व्हिनेगर घालून शिजणाऱ्या विंदालूच्या टोपातून आवाज आला, "अहो, सगळ्यांच्या आधी मीच तयार झालो होतो!"